चोवीस किलोंचा घाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भंगारचं दुकान आहे. २०१८ च्या जानेवारीत एके दिवशी मी माझं प्रवासाचं सगळं सामान नेऊन तिथल्या काट्यावर ठेवलं. घरात मोठा काटा नव्हता, आणि किराणा दुकानदाराच्या काट्यावर तंबू ठेवायची लाज वाटत होती. काटा २४ किलोंवर थांबला. दुकानदारानं तंबूच्या पिशवीवरून हात फिरवला आणि विचारलं, "चाचा, भाव काय धरायचा?"

हे विकायचं नाही, सायकलवर बांधून कोकणात न्यायचंय, असं सांगितल्यावर त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या सायकलीकडं. "मग सायकल पण ठेवून बघा," म्हणाला. सायकल १४ भरली. मी स्वतः ६८. पन्नाशी नुकतीच गाठलेली.

आकाशवाणीच्या मंडळींचा फोन आला, तेव्हा मला वाटलं, कवितेवर बोलायचं असेल. ते म्हणाले, नाही, सायकलवरच्या ओझ्यावर बोला. बरं वाटलं. कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत.

तर बेत असा होता. मी आणि माझा बावीस वर्षांचा भाचा, दोन सायकली. कराडहून पाटण, कोयनानगर. तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गुहागर. पुढं तवसाळला फेरीबोटीत बसून खाडीपलीकडं जयगड, आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. रात्री तंबूत काढायच्या. माझ्या २४ किलोंत काय होतं? मित्राकडून आणलेला चार माणसांचा तंबू, पाच किलोंचा. स्लीपिंग बॅग दोन किलोंची. ती कमी पडेल म्हणून वर एक सोलापुरी चादर. रॉकेलचा स्टोव्ह, दोन पातेली, तांदूळ, डाळ. तीन पँटी. आणि रत्नागिरीच्या मित्रांना द्यायला म्हणून माझ्या कवितासंग्रहाच्या आठ प्रती. सगळ्या सामानात जड तेच, आणि वाटेत उतरवून घ्यायला कुणी तयार नसतं.

भाच्याची तऱ्हा उलटी. त्यानं इंटरनेटवर हलक्या प्रवासाबद्दल सगळं वाचून काढलं होतं. त्याचं ओझं सात किलो. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली. अंगावर घ्यायला एक चादर, आणि खाली अंथरायला काही नाही. "मामू, जमीन फुकट आहे," म्हणाला.

पहिली रात्र कोयनानगरच्या अलीकडं, एका घराशेजारच्या रिकाम्या वावरात. मालकाला विचारून तंबू लावला. जानेवारीतली कोयनेची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती भाच्याच्या दातांच्या आवाजानं. अंगाचं मुटकुळं करून पोरगं कुडकुडत होतं. मी माझी फोमची चटई त्याच्या खाली सरकवली, सोलापुरी चादर त्याच्यावर टाकली. आता माझ्या पाठीखाली काय घालायचं? कपडे अंथरले, आणि जिथं कपडे पुरेनात तिथं कवितासंग्रहाच्या प्रती मांडल्या. कागद थंडी चांगली अडवतो. माझ्या कवितेचा इतका रोकडा उपयोग त्याआधी झाला नव्हता.

त्या रात्री एक गोष्ट पक्की समजली. उघड्यावर झोपताना थंडी जेवढी वरून लागते त्याहून अधिक खालून लागते. जमीन अंगातली ऊब ओढून घेते. वरचं पांघरूण कितीही जाड असलं तरी पाठीखाली दबलेला त्याचा भाग चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब राखायचं काम तर ती हवाच करत असते. म्हणून आधी चटई, मग पांघरूण. बोटभर जाडीच्या फोमच्या चटईचं वजन साडेतीनशे ग्रॅम भरतं. हवा भरायच्या गाद्या मिळतात, मऊ असतात, पण आपल्याकडं बाभळीचा एक काटा पुरतो आणि मध्यरात्री माणूस जमिनीवर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरायला लागलो. भाचा पुढं गेला. दोनतीन वळणं झाली, सायकलनं वेग घेतला, आणि अचानक हँडल थरथरायला लागलं. आधी वाटलं, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता. थरथर वाढत गेली. पुढचं चाक डावीकडं-उजवीकडं फडफडायला लागलं आणि अख्खी सायकल कुत्र्यानं अंग झाडावं तशी हलायला लागली. मागं ट्रकचा हॉर्न, एका बाजूला दरी. पुढचा ब्रेक करकचून दाबावासा वाटत होता. का कोण जाणे, दाबला नाही. दोन्ही गुडघे फ्रेमच्या आडव्या दांड्याला घट्ट आवळले, बूड सीटवरून जरासं उचललं आणि मागचा ब्रेक हळूहळू दाबत राहिलो. थरथर थांबली. ट्रक शेजारून निघून गेला. मी कठड्याजवळ सायकल टेकवली आणि खाली बसलो. पाय कापत होते.

पुढं मला कळलं की अशा वेळी करायचं असतं ते नेमकं हेच. मला ते ठाऊक नव्हतं, घाबरून गुडघे आपोआप आवळले गेले. कारणही नंतर कळलं. २४ च्या २४ किलो मी मागच्या कॅरिअरवर रचले होते, त्यातही पाच किलोंचा तंबू सगळ्यात वर. कॅरिअर पत्र्याचं, हलकं. मागं उंचावर डोलणारं ओझं आणि पुढं रिकामं, उचललं जाणारं चाक. उतारावर वेग आला की ही दोन्ही एकमेकांना हलवत सुटतात.

भाचा सायकल तिथंच लावून वर चालत आला. "मामू, काय झालं?"

"काही नाही, पाणी प्यायला थांबलो."

कठड्याजवळ बसल्यावर मला अब्बा आठवले. अब्बा मणेर. काचेच्या बांगड्यांची पेटी आणि माळा सायकलला बांधून कराडच्या आसपासच्या गावांत हिंडायचे, आयाबायांच्या हातांत बांगड्या भरायचे. त्या बांगड्यांवर मी बी. ए. झालो. कॉलेजात असताना ती सायकल रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलत असे, हेही आज सांगून टाकतो. १९७८ साली, मी चौथीत होतो, नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात ओढ्याच्या उतारावर अब्बांची सायकल घसरली. सणाचा माल, उधारीवर आणलेला. ओढ्यात काचाच काचा. अब्बांना फार लागलं नव्हतं, पण ते रात्री जेवले नाहीत. तो हप्ता फेडायला दिवाळी उलटली. त्यानंतर त्यांनी एका फेरीत कधी पेटी काठोकाठ भरली नाही. माल कमी न्यायचे, फेरी जास्त मारायचे. आणि म्हणायचे, "वझं हललं की माल फुटला."

हा माणूस चाळीस वर्षं कच्च्या रस्त्यांवरून सायकलवर काच नेत होता. मी त्याला एकदाही विचारलं नाही, कशी बांधता म्हणून. आता विचारायला ते नव्हते.

चिपळूणला एसटी स्टँडवर नऊ किलोंचं गाठोडं बांधलं आणि कराडला धाडून दिलं. रॉकेलचा स्टोव्ह, तांदूळ, डाळ, पातेली, दोन पँटी, चादर. प्रती तेवढ्या ठेवल्या, तो माझा हट्ट. भाच्याला तिथल्याच बाजारात एक चटई घेऊन दिली. पुढचा प्रवास बरा झाला, पण कोकणातला रस्ता कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. खाडीपासून सड्यावर चढायचं, सड्यावर जरा वारं लागतंय तोवर पुन्हा खाडीत उतरायचं. प्रत्येक चढाला मी घरी काय काय ठेवून येऊ शकलो असतो त्याचा हिशोब करत होतो.

घरी आल्यावर सामानाचे तीन ढीग केले. रोज लागलेलं, एकदा लागलेलं आणि पिशवीतून बाहेरच न आलेलं. तिसऱ्या ढिगातून फक्त दोन गोष्टी परत घेतल्या: औषधं आणि पंक्चरचं सामान. त्या न लागोत, पण त्यांत काटकसर करू नये. एक जादा ट्यूब, पंप, पाने, चेन जोडायचं हत्यार, मागच्या चाकाच्या दोनतीन तारा, अशी दीड किलोंची पिशवी मी आजही नेतो. ओझ्याच्या सायकलची तार तुटते ती बहुधा मागच्या चाकाची.

मग अम्मीला विचारलं. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. म्हणाली, आण तुझ्या पिशव्या. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या मी तोवर गल्लीतल्या शिंप्याकडून जाड ताडपत्रीच्या शिवून घेतल्या होत्या. अम्मीनं जड ते तळाला आणि चाकाच्या आसाजवळ घातलं, हलकं वर. फटींत मोजे, टोपी, पंचा कोंबला, म्हणजे आत काही खुळखुळायला नको. मग मला म्हणाली, डोळे मिट, दोन्ही पिशव्या दोन हातांत उचल. कोणती जड ते सांगता आलं तर चुकलं. "तुझे अब्बा रोज पहाटे असंच करायचे," म्हणाली. शेवटी जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी सगळं आवळून घेतलं. बाजारात आकड्यांच्या रबरी दोऱ्या मिळतात, त्या मी वापरत नाही. आकडा सुटून चाकात गेला तर संपलं. ट्यूबची पट्टी गाठ मारून बांधली की हलत नाही, आणि कुठल्याही सायकल दुकानात फुकट मिळते. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पिशव्या लावून थोडं वजन पुढं आणलं. तेव्हापासून हँडल थरथरलेलं नाही.

आता मी पाणी धरून बारा किलोंवर आलो आहे. इथं थोडं प्रामाणिक बोलायला हवं, कारण हलकं सामान विकणारे हे सांगत नाहीत. मी, सायकल आणि २४ किलो मिळून १०६ होतो. आता ९४. चढावर आपली ताकद मुख्यतः हे सगळं वर उचलण्यात जाते, म्हणजे जो चढ अर्ध्या तासाचा होता तो आता साधारण साडेसव्वीस मिनिटांत होतो. सपाटीला तर फरक जेमतेमच. तिथं झुंज वाऱ्याशी असते. साडेतीन मिनिटांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणी म्हणेल. पण खरा फरक उतारावर पडतो, ब्रेकवर पडतो, मागच्या तारांवर पडतो. बोटीवर सायकल चढवताना पडतो. लॉजचा जिना चढताना पडतो.

आणि आणखी एका ठिकाणी पडतो. तंबू ठोकायच्या आधी गावात विचारावं लागतं. शाळेचं पटांगण, देवळाचं आवार, कुणाची आमराई. नाव विचारतात. मी सांगतो. बहुतेक ठिकाणी "जेवलात का?" हा पुढचा प्रश्न असतो. एके ठिकाणी नाव ऐकल्यावर जागा नाही म्हणाले. सूर्य बुडत आला होता. तेव्हा माझ्याकडं २४ किलो असते तर मी गयावया केली असती. बारा होते. "बरं" म्हणालो आणि आठ किलोमीटर पुढं गेलो. तिथल्या आजोबांनी नाव विचारलं नाही, फक्त विंचू फार आहेत म्हणाले, आणि तंबूऐवजी ओटीवर झोपायला लावलं.

हलकं म्हणजे महाग, असं समजू नका. एक किलोच्या आतले तंबू मिळतात, पण त्यांची किंमत माझ्या सायकलीहून जास्त असते. मी दोन माणसांचा तंबू घेतला, सव्वादोन किलोंचा. दोन माणसांचा याचा अर्थ एक माणूस आणि त्याचं सामान. भाचा आता स्वतःचा आणतो. आपल्याकडं हिवाळ्यात पाऊस नसला तरी किनाऱ्यावर दव भरपूर पडतं, आणि बंद तंबूत आपल्याच श्वासाचं पाणी होऊन सकाळी कपाळावर टपकतं. म्हणून जाळी असलेला, वारा खेळता राहील असा तंबू बघावा. झाडाखाली दव कमी लागतं, पण माडाखाली कधीही झोपू नये. नारळच काय, नुसती सुकलेली झावळ वरून पडली तरी पुरे. वाळूवर झोपायचं तर भरतीनं आणून टाकलेल्या कचऱ्याची ओळ बघावी आणि तिच्या बरंच वर जावं. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती पुरली की छान धरते.

तंबूखाली अंथरायला काय? एका हितचिंतकानं मला वाढदिवसाचा फ्लेक्स दिला. दोन रात्री मी एका भावी नगरसेवकाच्या हसऱ्या चेहऱ्यावर झोपलो. पाणी वर येत नाही, पण फ्लेक्स जड असतो. मग शेतकरी मित्राकडून मल्चिंगच्या कागदाचा तुकडा आणला, टोमॅटोच्या वाफ्यावर घालतात तो. दोन मीटर बाय एक मीटर, वजन साठ ग्रॅमसुद्धा भरत नाही. फाटला तर दुसरा. पांघरायला आता नऊशे ग्रॅमची स्लीपिंग बॅग. सोलापुरी चादर चांगली, पण ती दीड किलो आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. कपडे अंगावरचा एक जोड, पिशवीत एक, आणि रात्रीला एक लोकरीचा. टॉवेलऐवजी पंचा. नमाजसाठी घरची मखमली जानमाज न्यायचो, ती जड होती. आता त्यासाठी वेगळा धुतलेला पंचा ठेवतो. पाण्याबाबत मात्र दोन्हीकडून विचार करावा. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा गावागावात पाणी मिळत असताना पाच लिटर वाहायचं कारण नाही. पण दुपारचा सडा पार करायचा असेल तर दोन लिटर हवंच. तिथं कातळ आणि वाळलेलं गवत, सावली नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं घरगुती झालं. पण या छंदाचं मूळच घरगुती आहे. सायकल आणि तंबू यांची गाठ ज्यानं घालून दिली तो टॉमस हायरम होल्डिंग लंडनचा शिंपी होता. कपडे बेतण्यावर पुस्तकं लिहिणारा माणूस. तंबू हलका हवा तर कापड हलकं हवं आणि शिवण नेमकी हवी, हे शिंप्यालाच सुचणार. सायकलवर तंबू घेऊन आयर्लंडमध्ये केलेल्या भटकंतीवरचं त्याचं पुस्तक १८९८ चं. १९०१ मध्ये त्यानं सायकलवरून मुक्काम करत हिंडणाऱ्यांची संघटना काढली. नाव बदलून ती आजही चालू आहे. आणि आपल्या मुंबईतून १९२३ साली काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं ती पुरी करून १९२८ मध्ये परत आले. त्यांच्या सायकलींना ना गिअर, ना आजच्यासारखं हलकं कापड. त्यांच्याबद्दल वाचलं की आपल्या ग्रॅम मोजण्याची जराशी लाज वाटते. जराशीच.

कवितासंग्रहाच्या प्रती आता मी पोस्टानं पाठवतो. सोबत चाळीस पानांची एक वही असते.

राहिला स्टोव्ह. यावर मामा-भाच्याचा निकाल अजून लागलेला नाही. रॉकेलचा गेला, पण मला पहाटे पाचला चहा लागतो आणि टपरी सहाच्या आत उघडत नाही. भाच्यानंच कोल्ड्रिंकचा रिकामा डबा कापून मला स्पिरिटचा चिमुकला स्टोव्ह करून दिला. त्याचं वजन नावापुरतंच. भांडं, स्पिरिट आणि चहा-साखर धरून चारशे ग्रॅम. उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून विझलाय असं समजून त्यात पुन्हा स्पिरिट ओतू नये. तंबूच्या आत तर तो पेटवूच नये. आगीची भीती आहे आणि कोंडलेल्या हवेची त्याहून जास्त. मी तो उघड्या कातळावर ठेवतो, भोवतीचं गवत हातानं उपटून. भाचा तंबूतूनच ओरडतो, "मामू, हे चारशे ग्रॅम कमी करा. एक तास थांबलात तर काय बिघडतं?"

पहिला कप मात्र तोच घेतो.